लुआऊला जायचंय, पण मांस-मासे चालत नाहीत: हवाईच्या मेजवानीची आधीपासून करायची तयारी

मुलांकडे अमेरिकेत आलेले आई-वडील, मुलगा-सून आणि नातवंडं असा ताफा हवाईला निघाला की एक संध्याकाळ लुआऊसाठी राखलेली असतेच. समुद्रकाठी किंवा बागेत मांडलेली लांबच लांब टेबलं, जमिनीत पुरून भाजलेलं अख्खं डुक्कर, मग हुला हा हवाईचा पारंपरिक नाच आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी आगीचा नाच. मोठ्या माणसाचं तिकीट साधारण १५० ते २५० डॉलर, आणि जेवण त्यातच धरलेलं. म्हणजे चौघांचे सात-आठशे डॉलर भरून घरातल्या दोघा शाकाहाऱ्यांनी भात आणि अननस खाऊन उठायचं, हे सहज घडतं. ते टाळता येतं, पण त्याची व्यवस्था बुफेच्या रांगेत उभं राहून होत नाही. ती आठ-पंधरा दिवस आधी लावावी लागते.

तिकीट काढण्याआधी

पहिला प्रश्न जेवण कसं वाढतात हा. बहुतेक लुआऊत बुफे असतो. काही ठिकाणी टेबलावर वाडगे आणून ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. मोजक्या ठिकाणी प्रत्येकाचं ताट आतून भरून येतं. नुसतं शाकाहारी असाल तर बुफे चालून जातो. तीव्र ॲलर्जी असेल तर मात्र ताट आतून येणारी जागा शोधा, किंवा बुफे असूनही तुमचं ताट वेगळं करून देणारी. टेबलावर सामायिक वाडगे ठेवण्याची पद्धत ॲलर्जीवाल्यांना सर्वांत गैरसोयीची, कारण एकच डाव सगळीकडे फिरतो.

ओआहू बेटावर लाइए इथलं पॉलिनेशियन कल्चरल सेंटर १९६३ पासून चालू आहे. ते मॉर्मन चर्चचं असल्यामुळे तिथे दारू मिळत नाही आणि रविवारी ते बंद असतं. दारू वर्ज्य असलेल्यांना ती जागा सोयीची. शिवाय तिथला रात्रीचा मोठा कार्यक्रम लुआऊच्या जेवणाशिवायही पाहता येतो. वायकिकीहून तिथे जायला रहदारी धरून तास-सव्वा तास लागतो. माउईवरचं ओल्ड लाहाइना लुआऊ १९८६ मध्ये सुरू झालं. २०२३ च्या ऑगस्टमधल्या आगीत लाहाइना गाव बेचिराख झालं, त्यानंतर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे भर हुलावर असतो, आगीचा नाच नाही. आगीच्या नाचासाठीच जायचं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

तिकीट थेट लुआऊच्या संकेतस्थळावरून काढा. प्रवासी कंपन्यांच्या ॲपवर चार डॉलर वाचतात, पण तिथे 'विशेष सूचना' म्हणून लिहिलेलं बऱ्याचदा स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाही. तिकीट परत करायचं झालं तर पैसे किती तास आधीपर्यंत मिळतात तेही बघून ठेवा. शेवटच्या दोन-तीन दिवसांत बहुतेक ठिकाणी काही परत मिळत नाही, त्यामुळे खाण्याबद्दलचा खुलासा त्याआधीच झालेला हवा.

फोन: कधी करायचा, काय विचारायचं

दोन फोन करा. पहिला तिकीट काढताना, दुसरा कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, कारण बाजारहाट आणि माणसांची मोजदाद साधारण तेव्हा ठरते. भारतातून करायचा असेल तर हवाई आपल्या साडेपंधरा तास मागे आहे. आपल्या सकाळचे ६ ते ८ म्हणजे तिथले आदल्या दुपारचे अडीच ते साडेचार. संध्याकाळच्या गर्दीआधीची ही वेळ बरी.

'आय ॲम व्हेजिटेरियन' एवढं बोलून थांबू नका. त्यात मासे चालतात, अंडं चालतं, चिकनच्या पाण्यात शिजवलेला पदार्थ चालतो, असं समजणारे पुष्कळ भेटतात. यादीच वाचून दाखवा: 'नो मीट, नो चिकन, नो फिश, नो शेलफिश, नो एग्ज. नो मीट ब्रॉथ, नो ऑयस्टर सॉस, नो फिश सॉस. मिल्क इज फाइन.' हेच मोठ्या अक्षरांत इंग्रजीत छापून दोन चिठ्ठ्या खिशात ठेवा. एक टेबलावरच्या वाढप्याला, दुसरी बुफेमागे उभ्या शेफला. आई-वडिलांना इंग्रजी बोलायची धास्ती असेल तर ही चिठ्ठी फार कामाची.

फोनवर विचारायचे प्रश्न:

– शाकाहारी मुख्य पदार्थ कोणता? 'सॅलड आणि भाज्या आहेत' हे उत्तर पुरेसं धरू नका. टोफू, कडधान्य, निदान पास्ता असं पोट भरणारं काही आहे का ते विचारा.
– तो पदार्थ बुफेत ठेवलेला असतो, की मागितल्यावर आतून येतो? आतून येत असेल तर कोणाला सांगायचं आणि किती वाजता?
– रताळी आणि टारो (अळकुडीसारखा कंद) इमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, डुकरासोबत भाजता की स्वयंपाकघरात वाफवता?
– बुफेवर पदार्थांच्या नावाखाली घटक लिहिलेले असतात का?
– ॲलर्जी असेल तर बाहेरचं खाणं आत आणू देता का?

ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि त्यांना सांगा की हे आमच्या आरक्षणावर नोंदवा. नंतर तीच माहिती दोन ओळींच्या ईमेलने पाठवा. दारावर 'आम्हाला काही माहीत नाही' असं उत्तर आलं तर हाच ईमेल उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र करू नका. नुसतं आवडत नाही किंवा धर्माने चालत नाही म्हणून 'ॲलर्जी आहे' असं ठोकून देऊ नका. ॲलर्जी म्हटली की स्वयंपाकघरात हातमोजे, फळी, सुरी सगळं बदलावं लागतं. मग तुम्ही समोरच्याच ताटातला तोच पदार्थ थोडासा चाखताना दिसलात, तर पुढच्या खऱ्या ॲलर्जीवाल्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. धर्माचं कारण तिथे कोणाला खटकत नाही. १८१९ पर्यंत या बेटांवर स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायला बंदी होती आणि बायकांना डुक्कर, नारळ आणि बहुतेक जातींची केळी वर्ज्य होती. त्या वर्षी दुसरा कामेहामेहा राजा लोकांदेखत बायकांच्या पंगतीला बसला आणि ती बंधनं मोडली. खाण्याचे विधिनिषेध त्या मातीला अगदी ओळखीचे आहेत.

ताटात काय निर्धास्त, काय फसवं

आपल्याकडच्या माणसाची भीती नेमकी उलट्या जागी असते. पोईसारख्या अनोळखी पदार्थाकडे तो संशयाने बघतो आणि ओळखीचा फ्राइड राइस निश्चिंतपणे वाढून घेतो. खरं तर बेटांचं जुनं कंद-नारळाचं खाणं शाकाहाऱ्याला बरंच जवळचं आहे. जास्त घोटाळा होतो तो गेल्या दीड-दोनशे वर्षांत बाहेरून आलेल्या पदार्थांत.

पोईत दोनच गोष्टी असतात, टारो आणि पाणी. टारो म्हणजे आपली अळकुडी, फक्त तिथले गड्डे मोठे. ते वाफवून, सोलून लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटतात आणि हळूहळू पाणी घालत जांभळट-राखाडी, चिकट लगदा करतात. ताजी पोई अगदी मिळमिळीत, दोन-तीन दिवस ठेवलेली आंबूस. ती नुसती चमचाभर तोंडात टाकून तोंड वाकडं करणारे पर्यटक रोजचेच. ती खारट पदार्थासोबत खायची असते. मांस नको असेल तर हवाईचं जाडं मीठ चिमूटभर घ्या, किंवा थोडी साखर भुरभुरा. स्थानिक लोकही साखर घालून खातात.

लाउलाउ हिरव्या पानाचं पुडकं असतं, त्यामुळे भाजी वाटते. बाहेरचं टी नावाच्या झाडाचं पान फक्त गुंडाळायला, ते खायचं नाही. आतली पानं अळूची, ती खायची. पण त्यांच्या आत डुकराचं मांस आणि बहुधा खारवलेल्या चरबीदार माशाचा तुकडा असतो. चिकन लाउलाउ म्हटलं तरी त्यात डुकराची चरबी नाही ना हे विचारावं लागतं. काही ठिकाणी आधी सांगितल्यास रताळं आणि टोफू घालून शाकाहारी लाउलाउ करून देतात. मिळालं तर सोडू नका. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेला पदार्थ दिसला की मराठी माणूस खूश होतो, पण त्यात एक तर ऑक्टोपस असतो नाही तर चिकन. अळू तिकडेही खाजरं असतंच, फक्त चिंच-कोकम न घालता ते तासन्‌तास शिजवतात. घशाला खवखव आली तर पान कच्चं राहिलंय असं समजा आणि बाजूला ठेवा. ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर ती खाज नव्हे, ॲलर्जी.

लोमी-लोमी सामन टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीसारखं दिसतं. त्यातले नारिंगी तुकडे खारवलेल्या माशाचे असतात, आणि संध्याकाळच्या दिव्यांत ते टोमॅटोत मिसळून जातात. चिकन लाँग राइसमध्ये तांदूळ नाहीच. मुगाच्या पिठाच्या शेवया चिकनच्या पाण्यात शिजवलेल्या असतात. काही पाट्यांवर नुसतं 'लाँग राइस' लिहितात, तिथे लोक फसतात.

आता बाहेरून आलेले पदार्थ. फ्राइड राइसमध्ये डब्यातलं स्पॅम, पोर्तुगीज सॉसेज किंवा अंडं, यांतलं एक तरी बहुधा असतंच. पहिली दोन्ही डुकराची. मॅकरोनी सॅलडच्या मेयोनीजमध्ये अंडं, कधी ट्यूना. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, फरसबीत बेकनचे बारीक तुकडे. सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा. टारोचे जांभळे पाव मऊ आणि गोडसर असतात, त्यांत दूध-लोणी आणि अनेकदा अंडंही. बिनधास्त घ्यावा असा पदार्थ म्हणजे साधा पांढरा भात.

रताळ्याबद्दल फोनवर विचारायचं कारण इमू कशी लावतात ते पाहिलं की कळतं. खड्ड्यात कियावे नावाच्या झाडाची लाकडं पेटवून वर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड तापवतात, त्यावर केळीचे ठेचलेले खुंट आणि टीची पानं, मग डुक्कर, त्याच्या कडेने रताळी, टारो, नीरफणस, आणि वरून ओली पोती टाकून माती ओढतात. सहा-आठ तास सगळं एकाच वाफेत शिजतं आणि चरबी पाझरत राहते. मोठ्या व्यावसायिक लुआऊत बुफेवरची रताळी बहुतेक वेळा स्वयंपाकघरात वाफवलेली असतात, पण गृहीत धरू नका.

शेवटी गोड. हाउपिया म्हणजे नारळाचं दूध, साखर आणि कॉर्नस्टार्च यांची पांढरीशुभ्र वडी. शाकाहारीच नव्हे, दूध न खाणाऱ्यांनाही चालते. एखादं स्वयंपाकघर त्यात जिलेटिन घालतं, तेवढं विचारा. कुलोलो किसलेला टारो, नारळाचं दूध आणि साखर यांचा, चिवट आणि तपकिरी. पहिल्याच फेरीत घेऊन ठेवा, तो संपतो. पेरूच्या गुलाबी केकमध्ये अंडं असतंच.

ज्याचं त्याचं पथ्य

जैनांची अडचण सर्वांत मोठी. शाकाहाऱ्याला आधार देणारे दोन्ही पदार्थ, टारो आणि रताळं, कंदमुळं असल्यामुळे बाद. उरतात भात, फळं, काकडी-टोमॅटो, हाउपिया आणि मिळाला तर नीरफणस. चौविहार पाळत असाल तर सूर्यास्त बघून महिना निवडा. हवाईत नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. जेवण साधारण सहाला उघडतं. म्हणजे हिवाळ्यात ते जमणारच नाही आणि उन्हाळ्यात ताट वेळेवर आलं तर जमेल. आमच्या मते कडक नियम पाळणाऱ्यांनी दुपारीच खोलीवर जेवून, जिथे मिळतं तिथे फक्त कार्यक्रमाचं तिकीट घ्यावं. पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

एकादशीला गेलात तर स्वयंपाकघरात वाफवलेलं रताळं आणि फळं आहेत. हाउपियात मक्याचं पीठ असतं, ते तुमच्या घरी चालतं का ते तुम्हीच ठरवा.

मांसाहारी आहोत पण गोमांस किंवा डुक्कर नको, अशांना शोयू (म्हणजे सोया सॉस) लावलेलं चिकन आणि साधा भाजलेला मासा बरा. तेरियाकी स्टेक आणि पिपिकाउला नावाचं सुकवलेलं मांस गाईचं. कालुआ पिग, म्हणजे इमूत भाजलेलं डुक्कर, तंतू काढलेलं असतं आणि चिकनसारखं दिसतं, म्हणून पाटी वाचल्याशिवाय चिमटा उचलू नका. चिमटे एका भांड्यातून दुसऱ्यात जातात, त्यामुळे डुक्कर अजिबात शिवायला नको असेल तर ताट आतूनच मागवा.

गहू चालत नसेल तर सगळ्यात मोठा शत्रू शोयू. त्यात गहू असतो, आणि तो तेरियाकीत, पोकेत (कच्च्या माशाचे मसाला लावलेले तुकडे), फ्राइड राइसमध्ये, मॅरिनेडमध्ये, सगळीकडे आहे. पोई, भात, नुसत्या मीठ-धुरावर शिजवलेलं कालुआ पिग, फळं, हाउपिया हे साधारण सुरक्षित.

सुक्या मेव्याच्या ॲलर्जीवाल्यांनी माशावरचा मॅकडेमियाचा थर तर ओळखालच, पण माई ताई या रमच्या कॉकटेलच्या पेल्यात बदामाचं सरबत असतं हे लक्षात येत नाही. पोकेत कुकुई नावाच्या झाडाची भाजून कुटलेली बी घालतात आणि तिळाचं तेलही. नारळाबद्दल वेगळं सांगावं लागेल. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये नारळाला कवचफळांच्या यादीतून वगळलं. त्यामुळे 'नो नट्स' म्हटल्यावर वाढपी नारळ धरणार नाही. नारळाची ॲलर्जी असेल तर 'कोकोनट' हा शब्द स्वतंत्रपणे उच्चारा, कारण लुआऊत तो सगळीकडे असतो. एपिनेफ्रिनचं पेन बसमध्ये किंवा गाडीत नको, अंगावर हवं. कुकुईच्या बियांची माळ गळ्यात घालत असतील तर नम्रपणे फुलांची मागा.

मधुमेहींसाठी मुद्दा वेळेचा आहे. 'डिनर सहाला' म्हणतात, पण टेबलं क्रमाने सोडतात आणि मागच्या टेबलाचा नंबर पुढची वीस-तीस मिनिटं येत नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट हातात आल्याशिवाय घेऊ नका आणि खिशात काहीतरी गोड ठेवा. स्वागताच्या पेयात साखरच साखर असते. पोई, भात, रताळं यांतलं एकच निवडा.

प्रत्यक्ष संध्याकाळी

चारच्या सुमारास खोलीवर काहीतरी भरीव खाऊन निघा. दार साडेचार-पाचला उघडतं. तिथे नाव सांगतानाच खाण्याची नोंद आहे ना ते विचारा. काही ठिकाणी रंगीत पट्टी किंवा चिठ्ठी देतात, ती टेबलावर दिसेल अशी ठेवा. बसल्यावर वाढप्याला पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा येतो, पण दारावरचा माणूस आणि वाढपी यांची गाठ दिवसभरात पडलेली असेलच असं नाही.

बुफे उघडायच्या आधी, लोक इमूकडे जातात त्या वेळात, एकाने बुफेजवळ जाऊन शेफला चिठ्ठी दाखवावी आणि सोबत पूर्ण रांग एकदा चालून घ्यावी. दोन मिनिटं लागतात. शक्य असेल तर आपलं ताट तेव्हाच, चिमटे फिरायच्या आधी भरून मागा. खरी ॲलर्जी असेल तर बहुतेक जागी ऐकतात.

इमू उघडताना अख्खं डुक्कर जाळीसकट वर काढतात आणि सगळ्यांसमोरून नेतात. आजी-आजोबांना ते बघवणार नसेल तर त्यांना टेबलावर बसू द्या. पंधरा मिनिटांचाच भाग असतो आणि न गेल्याचं कोणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते नाक मुरडण्याचं. हवाईच्या लोकांच्या उत्पत्तिकथेत टारो हा माणसाचा थोरला भाऊ आहे, हालोआ त्याचं नाव. पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही अशी त्यांची रीत आहे. नको असेल तर 'नो, महालो' (नको, धन्यवाद) म्हणा आणि हसा, तेवढं पुरे.

कार्यक्रमात मंत्रपठणावरचा जुना हुला, गिटार-युकुलेलेवरचा नवा हुला, ताहितीचा जलद कंबरेचा नाच आणि समोआचा आगीच्या सुऱ्यांचा नाच असा क्रम साधारण असतो. सुरीच्या टोकांना पेटवलेल्या इंधनाचा वास पहिल्या दोन रांगांत चांगलाच येतो. दमा असेल तर महागडी पुढची जागा घेऊ नका.

घोळ झालाच तर

ताट चुकीचं आलं तर तिथल्या तिथे, खायच्या आधी परत करा आणि व्यवस्थापकाला बोलवा. वाढप्याशी हुज्जत घालून उपयोग नाही, आतून दुसरं काही करून आणायचा अधिकार त्याला नसतो. उष्टं झाल्यावर किंवा कार्यक्रम संपल्यावर केलेल्या तक्रारीवर फार तर एखादं कूपन मिळतं.

ठेपले, चिवडा, लाडू असं शिजवलेलं-तळलेलं खाणं मुख्य अमेरिकेतून हवाईला नेता येतं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्यासारखी पानं आणि बिया मात्र हवाईच्या शेतकी घोषणापत्रात लिहाव्या लागतात आणि काढूनही घेतल्या जाऊ शकतात. लुआऊच्या आत मात्र आपला डबा उघडण्याआधी परवानगी घ्या. मोठ्या गावांबाहेर साडेआठ-नऊनंतर उपाहारगृहांची स्वयंपाकघरं बंद होत जातात, आणि लुआऊ सुटतं नेमकं त्याच वेळेला. मायक्रोवेव्ह असलेली खोली घ्या आणि त्या दिवशी सकाळीच दुकानातून तयार भाताचं पाकीट आणि दही आणून फ्रिजमध्ये ठेवा.